समोरची खुर्ची

बायकालच्या काठी, देवदारांच्या आत,
हे उपाशी माणसांचं रुग्णालय.
मी इथली रात्रपाळीची नर्स.
सकाळी सहाला काटा पुसून ठेवते.
गार लोखंडावर अनवाणी पाय टेकताना
सगळेच श्वास रोखतात,
जणू श्वासाचंही वजन भरतं.

पहिले तीन दिवस वाईट.
पोटात कावळे कोकलतात, तोंडाला गंजाची चव,
जीभ पांढरी, आणि भांडणं क्षुल्लक:
खिडकी कुणी उघडली, उशी कुणाची.
चौथ्या दिवशी कावळे उडून जातात.
कुठे जातात ते डॉक्टर फळ्यावर समजावतात,
खडूनं चरबीचे बाण काढून.
मला पटतं. तरी संध्याकाळी
छपराकडे एकदा बघून येते.

सात नंबरात त्सिदेन, बसचालक.
दिवे मालवले की तो सांगायला लागतो:
वाफाळलेली पोझी, अशी दोन्ही हातांत धरायची,
कडेला दातानं बारीकसं भोक,
आधी आतला रस्सा ओढून घ्यायचा,
चावायचं ते नंतर.
अंधारात सहा जण एकदम आवंढा गिळतात.
सहाव्या दिवशी त्याच्या नाडीनं ठोके गाळले.
डॉक्टरांनी उपास तिथंच थांबवला.
पातळ केलेल्या रसाचा पेला पुढ्यात घेऊन
तो रडला, नापास झालेल्या मुलासारखा.

मी मध्यरात्री कोठीचं दार लावून घेते.
काळा पाव तोंडात धरून ठेवते, मऊ होईपर्यंत.
चावल्याचा आवाज इथं भिंतींना कळतो.

नऊ नंबरात कापितोलीना.
लाकडाच्या वखारीत क्रेन चालवते.
एकशे चौदा किलो.
शिडी चढवेना म्हणून आले, म्हणाली,
वर गेल्यावर मी छानच असते.
तिला झोप नाही.
भुकेला कोंडा, निजेला धोंडा म्हणतात;
इथं कोंडा बंद झाला की धोंडाही टोचतो.

अकराव्या रात्री मी कामावर आले
तर ती माझ्या टेबलाशी उभी.
भूक लागली का?
नाही गं. आठ वाजलेत, एवढंच.

घरी आठ वाजता ती दोन ताटं वाढते.
सावेली जाऊन सात वर्षं झाली.
हाताला दोघांचंच माप ठाऊक:
बटाटे सहा, कांदे दोन, ओमुल मासा अख्खा.
एकटीपुरतं शिजवायला गेलं
तर भांड्याचा तळ दिसतो,
आणि तो बघवत नाही.
मग ती आधी आपलं ताट संपवते,
उठून समोरच्या खुर्चीत जाऊन बसते
आणि त्याचं जेवते.
टाकणार कसं? तो ताटात कण ठेवत नसे.

मी रक्तदाब लिहून घेतला.
एकशे तीस, ऐंशी.
कागदावर पुढं रकाना नव्हता.

हे जे उतरतंय, तिनं विचारलं,
नऊ किलो, ते माझं की त्याचं?
मी म्हटलं, पाणी प्या. कोमट आहे.
याहून शहाणं काही सुचलं नाही,
आजही सुचत नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी उपास सुटला.
किसलेलं गाजर, दोन चमचे, पांढऱ्या बशीत.
एक चमचा तिनं इतका वेळ चघळला
की पलीकडची बाई वैतागून उठून गेली.
दुसरा बशीच्या त्या कडेला सरकवला
आणि बघत राहिली.
उरलं तर नोंद करायची, असा नियम.
मी पेन काढलं.
तेवढ्यात ती उठली, टेबलाला वळसा घातला,
समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला,
आणि खुर्ची टेबलाखाली सारून
परत आपल्या जागी येऊन बसली.

पुढचं मी पाहिलं नाही. पाळी संपली होती.
कोट चढवला, टोपी कानांवर ओढली.
बाहेर सरोवराचा बर्फ लांबवर तडकत होता
आणि मला सपाटून भूक लागली होती.