ऋजुताच्या जिल्ह्याचा नकाशा

तू पाठवलेला नकाशा
रावपुऱ्यातून छापून आणला. रंगीत, वीस रुपये.
जमिनीवर पसरला, कोपऱ्यांवर ठेवली
अडकित्ता, चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या
आणि चौथ्यावर माझा हात.

छत्तीस वर्षं लोकांच्या हद्दी आखल्या,
त्यामुळे गावं नंतर, आधी रेषा बघतो.
वरचा भाग सपाट, बीटाची शेतं;
खाली डोंगर, आणि मधून नदी,
जिचं नाव माझ्या कवळीत अडकतं.
तिच्यात मगरी नाहीत म्हणालीस.
मग विश्वामित्रीला ती काय तोंड दाखवणार!

पूर्वी तिथे म्हणे नुसती ठिगळं:
हे गाव बिशपचं, ते कुणा सरदाराचं,
एका खेड्यात तर
गिरणी एका राज्यात, भट्टी दुसऱ्या.
मला नवल नाही वाटलं.
आजोबा गायकवाडीच्या अमरेलीत कारकून;
बडोद्याहून निघायचे आणि आपल्याच राज्यात पोचायला
परक्यांची नाकी ओलांडायचे.
दर नाक्यावर ट्रंक उघडायची:
तेच धोतर, तोच चिवड्याचा डबा.

बहात्तर साली दोन जिल्हे जोडले,
पण तुझ्या शेजारचे ओटमार आजोबा अजून म्हणतात,
"ते पलीकडचे."
परवा पैसे भरून मोटारीवर
मोडलेल्या जिल्ह्याची अक्षरं लावून आणली
आणि दिवसभर गाडी पुसत बसले.
त्यांना माझा नमस्कार सांग.

क्राइस म्हणजे वर्तुळ, तू लिहितेस.
नकाशा फिरवून फिरवून पाहिला, वर्तुळ काही सापडेना.
पोराने चहूकडून चावलेली पोळी दिसते.
आमच्या जिल्ह्याचा अर्थ
कचेरीतल्या सय्यदसाहेबांनी सांगितला होता:
मूळ अरबी. बरगडी.

तेरा साली छोटा उदेपूर वेगळा झाला.
आमच्या टेबलावर ती रेघ माझ्या हातची,
सगळ्यात बारीक निबाची.
घरी आलो तर तू
नवी वही उघडून बसलेली,
डेर, डी, डास,
आणि मी विचारलंसुद्धा नाही, हे कशासाठी.

आता पेन्सिल घेतो. प्रमाण बघतो.
तुझं घर यात नाही, गाव एक टिंब.
टिंबापासून तुझ्या इस्पितळापर्यंत
साडेतीन सेंटिमीटर.
रात्रपाळीनंतर शेवटची बस किती वाजता असते,
तेवढं कळव.