मेळ

इंग्रजीतली ‘ही’ बाप्या असते
हे सातवी ब-ला पटायला आठवडा गेला.
‘शी’ म्हटलं की मागचे बाक अजून हसतात.
फळ्यावर लिहिलं: नाम आधी, सर्वनाम मागून.
अनेकांना दे. निर्जीवाला इट.

नफिसा होडेकरच्या वहीत
जैतापूरची खाडी शी होती, माड ही,
तिसऱ्यांची टोपलीसुद्धा दे.
मी लाल पेनाने सगळ्यांचं इट करत गेलो.
संध्याकाळी तरीत बसलो
तर पाणी ओळख दाखवेना.

पुढचा निबंध, माझं घर.
पहिलंच वाक्य: ही विल कम आफ्टर रमजान.
आधी नाव नाही, नातं नाही.
समासात मी विचारलं, ही म्हणजे कोण?
तिने पेनाला टोपण लावलं.

शनिवारी जेटीवर तिची आई,
तराजूची पारडी खाऱ्या पाण्याने धुवत होती.
“ह्या खेपेलाही तो नाय आला, मास्तर.”
“येईल,” मी म्हटलं.
दोन पावलं गेल्यावर लक्षात आलं
कोण ते मी विचारलंच नाही.

रात्री ब्लेडने प्रश्नचिन्ह खरवडलं.
कागद तिथे पातळ झालाय.
मार्क अजून दिलेले नाहीत.