फ्रूट व्हॅन, शहात्तरात एक

लांबी साडेतीन इंच.
झडपांच्या पट्ट्या पोस्टकार्डाच्या,
एका अंगाला चव्वेचाळीस,
ब्लेडने कापलेल्या, चिमट्याने बसवलेल्या,
प्रत्येक जराशी खाली झुकलेली,
वारा आत यावा, पाणी येऊ नये म्हणून.

केकोबाद म्हणतात, रंग चुकला.
माझगावच्या या खोलीवर ते तीन जिने चढून येतात
ते माझ्या चुका काढायलाच.
भिंग लावतात. "हा लाल नव्हे हो,
थोडा काळपट पाहिजे, जुन्या विटेचा."
असेल.
त्यांच्याकडे फोटो आहे, मापांचा नकाशा आहे.
मी ती बाहेरून कधी पाहिलीच नाही.

मला आतली माहीत आहे.

सावद्याला चढलो, नऊ वर्षांचा,
लोंगरांच्या मागे, वाळक्या पानांत.
दार बाहेरून लागलं.
मग नडग्यांवर उजेडाचे पट्टे,
गाडी वळली की सरकत मांडीपर्यंत यायचे
आणि परत जायचे.
भुकेला केळं. हिरवं, तुरट,
जिभेचं चामडं करणारं.
रात्री कुठल्याशा यार्डात गाडी तासन्‌तास उभी.
कुणीतरी चाकांवर हातोडी मारत गेला,
टण्, टण्,
माझ्या खालच्या चाकाशी जरा थांबला.
मी श्वास धरून.
टण्.

वाडीबंदरला दार उघडलं
तेव्हा एवढा उजेड एकदम आत आला
की मी डोळे मिटले, ते कानाला धरून
खाली उतरवेपर्यंत मिटलेलेच.
पांगम नावाचे टॅली क्लार्क. त्यांनी मला मोजलं.
वहीत लिहिलं: केळी, लोंगर तीनशे बारा.
मग पेन्सिल कानावर ठेवली, परत काढली,
खाली लिहिलं: शिवाय एक.

चहा पाजला. परतीच्या गाडीत बसवायचं
त्या दिवशी राहून गेलं.
दुसऱ्या दिवशीही राहिलं.
आठवड्याने त्यांनी तो विषय काढणं सोडलं.

शर्टावरचा चिकाचा डाग मात्र निघाला नाही.
पांगमकाकूंनी लिंबू चोळलं, रॉकेल चोळलं,
शेवटी शर्टाचं फडकं झालं,
फडक्यातही तो होता.

त्या सकाळी मागे वळून
डब्याकडे एकदा बघायला हवं होतं.
चहा गरम होता, बशीतून पीत होतो.
बघितलं नाही.

"आत काय करत बसता?" केकोबाद विचारतात.
"छप्पर चिकटलं की कोण बघणार?"
मी हिरव्या दोऱ्याला गाठी मारतो,
सात गाठींचा एक लोंगर,
गोंदात बुडवून सुईच्या टोकावर वाळवायचा.
डावा डोळा आता पाण्याने भरतो,
दिवसाला पाच होतात, फार तर सहा.

म्हटलं, रंग तुम्ही म्हणाल तो देतो,
उद्याच घासून काढतो हा.
छप्पर मात्र राहू द्या.
बावन्न लोंगर व्हायचेत अजून.