होडीचं भाडं

हेल्स्टनचा वकील चष्मा पुसत म्हणाला,
देणाऱ्यानं उपभोग सोडला नसेल
तर कायद्याच्या लेखी ते देणं नव्हेच;
सात वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही.

नऊ वर्षं झाली होडी माझ्या नावावर होऊन.
रोज पहाटे ती लोटतात मात्र डॅड.

"चाळीस टक्के!" मी पोर्थलेव्हनच्या धक्क्यावरूनच ओरडले.
त्यांनी बांगड्याचं पोट चिरलं,
आतडी कुरवांकडे भिरकावली.
"मग भाडं देऊ का तुला, मॉरवेना?"

तीही सोय आहे कायद्यात. बाजारभावानं.

आता दर सोमवारी माझ्या दारात
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ओलं.
मी वहीत तारीख घालते,
दर विचारून लिहिते,
आणि सही घ्यायला गेले की
ते कितीतरी वेळ
हात पुसत राहतात.