कळ

गोयानियातल्या खासगी प्रसूतिगृहात, तळमजल्यावर,
मी जन्मतारखा वाटते.
कार्निव्हलच्या आधीचा गुरुवार भरला. शुक्रवारही.
सात, सात चाळीस, आठ वीस,
कॉफीला दहा मिनिटं, मग पुन्हा नऊ.
राखेच्या बुधवारी कुणालाच मूल नको असतं
आणि शनिवारी डॉक्टरांना.

मी एक कळ दाबते,
पडद्यावरचा चौकोन निळा होतो,
एक बाई नाव-पत्ता-विम्यासकट मोकळी होते.
कळा नाहीत.
कळ काढायला इथे वेळ कुणाला आहे?

बाया भितात. मी त्यांना हसत नाही.
कुणाच्या आईने सांगितलेली असते सरकारी खाटेवरची रात्र,
बांधलेले पाय,
“करताना नव्हतीस ओरडली” म्हणणारी नर्स.
कुणाला डॉक्टर म्हणतात, नाळ गळ्याभोवती आहे, बाळ मोठं आहे,
आणि बाळ निघतं अडीच किलोचं, गळा मोकळा.
चौदा तास वाट पाहण्याचे
आणि पाऊण तास कापण्या-शिवण्याचा,
विम्याच्या कागदावर रक्कम जवळजवळ तीच.
हे मला कुणी शिकवलं नाही. बिलं मीच छापते.

वरच्या मजल्यावर काचेपलीकडे नातेवाईक, फुगे, वड्यांचं ताट.
मूल उचलून दाखवतात. टाळ्या.
टाळ्या विरल्या की एखादं कण्हू लागतं,
दर श्वासाला बरगड्या आत,
फुप्फुसात अजून पाणी.
आज निघायचंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
दोन भिंतींपलीकडे त्याची आई
टाक्यांवर उशी दाबून खोकते, हळूच.

वालकीरिया तिसऱ्या खेपेला आली
तेव्हा वार जुन्या व्रणात रुतून बसली होती.
तिने वार विचारला होता,
मी शुक्रवार दिला होता.
अकरा बाटल्या रक्त. पिशवी गेली.
जगली. मुलाला घेऊन केक द्यायला आली,
मला गिळवेना.

तरी सुरीला मी शिव्या देत नाही.
अरागुआयाच्या काठी, आमच्या वस्तीत,
माझी थोरली बहीण एदिल्मा. आडवं मूल. दोन दिवस कळा.
होडीने चार तास, आणि तिथे
भूल देणारा कार्निव्हलला गेलेला.
परतताना इंजिनाचा आवाज तेवढा होता.
तिला एक सुरी हवी होती,
एकच,
आणि इथे माझ्या पडद्यावर
सकाळपासून अकरा.

फोनवर तातियाने, पहिलटकरीण, एकोणचाळिसावा आठवडा.
“आणि मी वाटच पाहिली तर?”
मी इकडेतिकडे बघते.
“पाहा. बाळ हलतंय ना, लक्ष ठेवा.
कळा लागल्या की या. रात्री दोनला आलात तरी चालेल.”
तिच्या नावापुढचा चौकोन पांढरा ठेवते.

दुपारी डॉक्टर वाकून बघतात:
ही रिकामी का? भर की पटकन.

संगणक अडकलाय, डॉक्टर,
मी म्हणते,
थोडी कळ काढा.