दगडांचं पीक

एप्रिल सरत आला की लेइदाच्या शेतात
बटाट्याच्या आधी दगड उगवतात.
मागच्या सालीच वेचून रान निर्मळ केलेलं,
घोड्याच्या दमानं ओढून बांधावर रचलेलं सगळं,
आणि यंदा पुन्हा मुठीएवढे, पावाएवढे,
एक तर वासराच्या डोक्याएवढा,
ओल्या मातीतून टक लावून बघणारा.

सैतान पेरतो, असं तिची आई म्हणायची.
शेजारचा हिल्लर भूगोलाचा मास्तर होता, तो सांगतो:
थंडीत मातीतलं पाणी गोठतं, फुगतं,
दगडाला सूतभर वर उचलतं.
वितळताना त्याच्या अंथरुणात बारीक माती शिरते
आणि दगडाला परत आपल्या जागी निजता येत नाही.
"म्हणजे सैतानच की," लेइदा म्हणते
आणि बादली उचलते.

थोरला दगड शेताच्या टोकाला, समुद्राकडे.
गवताच्या गंजीहून उंच. गुलाबी.
अंगभर वाटोळे डोळे, डोळ्यांना करडी कड.
हा एस्टोनियाचा नव्हेच. इथला खडक चुन्याचा,
पांढुरका, आडवा झोपलेला.
ह्याला बर्फानं आणलं फिनलंडहून,
मैलभर जाड बर्फानं, पोटाशी धरून,
रोज वीतभर, रोज वीतभर.
तेव्हा मध्ये समुद्र नव्हता,
पलीकडे हा शब्दही नव्हता.
मग बर्फाचा हात सुटला.

हिल्लर म्हणतो, जमीन अजून वर येतेय.
ओझं उतरवलं तरी हमालाची पाठ
लगेच सरळ होत नाही, तशी;
वर्षाला राईच्या दाण्याएवढी.
थोरल्या दगडात लोखंडी कडी आहे, होडी बांधायची.
लेइदाच्या लहानपणी तिथवर पाणी यायचं.
आता कडीखाली जुनिपरचं झुडूप.

त्याच कडीतून वाल्दुरनं दोर सोडला,
चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात, रात्री.
ती नऊ वर्षांची.
तिला सांगितलं होतं, दगडामागे बस, खोकू नकोस.
होडीत चार माणसं आणि एक शिलाई मशीन.
दगड जिथून आला तिकडे भाऊ गेला.
पोचल्याचं पत्र नाही. बुडाल्याचंही नाही.

पुढे सैनिक आले. होड्या करवतीनं कापल्या.
रोज संध्याकाळी किनारा दंताळ्यानं विंचरून ठेवायचे,
कुणाचं पाऊल उमटलं तर सकाळी दिसावं म्हणून.
वारा असला की लाटा रात्रीतून भांग मोडायच्या.
सैनिक पुन्हा विंचरायचे.
चाळीसएक वर्षं चाललं हे.
ते गेले. लाटा आहेत.

दगडाला पाझर फुटतो म्हणतात,
पण पाझरच दगडाला फोडतो.
शेवाळाखालच्या केसाएवढ्या चिरेत पाणी उतरायचं,
दर हिवाळ्यात गोठून एक खांदा मारायचं.
किती हिवाळे, कुणी मोजलेत?
ह्या फेब्रुवारीत एका रात्री धडाम् झालं.
लेइदा अंथरुणात उठून बसली.
बंदुकीचा आवाज तिला ओळखू येतो. हा तो नव्हता.

सकाळी गेली. अर्धा दगड आडवा.
आतला गुलाबी रंग, मासा चिरावा तसा ओला,
उजेडाला पहिल्यांदाच भेटत असलेला.
कडी उभ्या अर्ध्यात राहिली होती.
तिनं हातमोजा काढून तळवा टेकवला
आणि बराच वेळ उचलला नाही.

मग बादली भरली.
हा दगड कुजतो; चोळला की खडी होते त्याची.
फिनलंडवाल्यांनी नावच तसं ठेवलंय, भुसभुशीत दगड.
घरी येऊन पायरीवरच्या बर्फावर
तिनं ती खडी मुठीमुठीनं पसरली,
पार फाटकापर्यंत, कडेकडेनंसुद्धा.

पोस्टमन घसरू नये.
तसं येतं काय तर विजेचं बिल.