सप्तकोटेश्वर मोबाईल, नार्वे धक्का

दुपारी दोनला शटर अर्ध्यावर असतं.
तेव्हा ती दिवाडीच्या फेरीतून उतरली
फोन दोन्ही हातांत धरून,
तापलेलं पोर दवाखान्यात आणावं तशी.
आर्लिंडा मास्कारेन्यस, मुक्काम मोंबासा.
वय विचारलं नाही. चष्म्याच्या दोरीवरून सत्तर धरलं.

"तेलेफोन मेलो," म्हणाली.
मेला नव्हता. कोपऱ्यात लिहिलं होतं, सेवा नाही.
म्हणजे शोधत होता अजून.

मी नेहमीचं सुरू केलं.
विमान मोड लावला, दहा आकडे मोजले, काढला.
बंद केला, चालू केला.
अर्धे आजार एवढ्यावर बरे होतात
आणि मी वीस रुपये घेतो.
डेटा रोमिंग झोपलेलं होतं, उठवलं.
सिमचा ट्रे उघडायला पिन सापडेना,
तिने कानातली कुडी काढून दिली.
सिम शर्टाला पुसलं, फुंकलं, परत बसवलं.
सेवा नाही.

मग नेटवर्क आपोआप निवडणं बंद करून
हाताने यादी मागवली.
यादी यायला तीन मिनिटं लागतात.
तेवढ्यात ती बोलत राहिली. तिची कोंकणी मला कळत होती,
फक्त तिच्यात गेली साठ वर्षं नव्हती.
बसला ती कारेर म्हणाली.
बाप गेल्यापासून तो शब्द
या धक्क्यावर कुणी उतरवला नव्हता.

यादीत चार नावं आली.
पहिल्यावर बोट ठेवलं: परवानगी नाही.
दुसऱ्यावर: परवानगी नाही.
तिसरं फिरत राहिलं, भोवऱ्यासारखं, आणि पडलं.
चौथं सरकारी. त्याने तर उत्तरच दिलं नाही.

"निघताना सांगितलं होतं का,
परदेशी चाललेय म्हणून?"
मला कंपनीला म्हणायचं होतं.
ती म्हणाली, "कोणाकच सांगूंक ना."

मग भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसली.
हा देव कुठला?
मी म्हटलं, हाही तुमच्याच बेटावरचा.
तिकडे देऊळ पाडलं तेव्हा लोकांनी नदी ओलांडून आणला.
"परत गेला नाही?"
नाही. इकडेच लागलं त्याचं.

शेवटचा उपाय म्हणजे माझाच हॉटस्पॉट.
पण दुकानामागे जांभ्याचा डोंगर, टॉवर पलीकडे मयेत,
माझ्याकडे जेमतेम एक काडी, तीही येऊन-जाऊन.
फेरी मधोमध पोचते तिथे मात्र
दोन्ही काठांचे टॉवर एकमेकांना दिसतात.
शटर खाली ओढलं. माणसांना फेरीत तिकीट नसतं.

नदीत ती स्कूटर आणि बांगड्याच्या पाटीमध्ये उभी राहिली,
मी शेजारी, माझा फोन डोक्यावर धरून.
तिने एका बोटाने लिहिलं आणि मला वाचून दाखवलं,
चुकलं तर सांग म्हणून:
फिलोमेन, बांय आसा. आंबाडो आसा. घर ना.
कोण तरी थंय गाय बांधता. बरी गाय.

गेला. एक खूण उमटली.
दुसरी कधी येणार, तिने विचारलं.
तुमच्या भावाने फोन उघडा ठेवला की.
"तिथे साडेबारा. जेवताना तो फोन कपाटात ठेवतो."
तोवर दिवाडी लागली आणि काड्या पडल्या.

उतरलो नाही. त्याच फेरीने परत,
परत तिकडे, परत.
तिसऱ्या खेपेपर्यंत सुकाणूवरचा उगो हसत होता,
चौथ्याला त्याने मधोमध इंजिन जरा हळू केलं,
कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा फोन वाजला. माझा.
दुकानासमोर गिऱ्हाईक खोळंबलं होतं,
कुठे आहात म्हणून ओरडत होतं.
नदीत, मी म्हटलं.
कुठे?
नदीत, नदीत.
त्याला ऐकू जात नव्हतं.